लांडग्याचा मान

प्रिय मल्लू,

पत्र बघून घाबरू नको, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर सांगण्यासारखं असतं तर फोनच केला असता. पण तू ऐकून घेतोस कुठं? "अक्का, माझं ठरलंय" म्हणतोस आन ठेवून देतोस. येत्या रविवारी गाडी घेऊन येणार, अप्पाला पुण्याला नेणार आन त्या आश्रमात ठेवणार, जिथं डोकं गेलेल्या म्हाताऱ्यांना दाराला कुलूप लावून सांभाळतात.  तू हे बोललास तेव्हापासून दारापुढं कुठलीबी गाडी थांबली की मी उठून बघून येते. वर्गात पोरांना भागाकार शिकवायले आन लक्ष सगळं रस्त्याकडं. म्हणून आज मधल्या सुट्टीत वहीची पानं फाडून बसलेय. इथं मला मधीच तोडायला तू न्हाईस, तर शेवटपर्यंत वाच.

तो व्हिडिओ तू बघितलास. आमच्या मागच्या गाडीतल्या पोरांनी काढलेला. जंगलातला रस्ता, आपल्या गाडीचं दार सताड उघडं, अप्पा पटका काढून रस्त्याच्या मधोमध उभे आन समोर लांडगे. मन्नाएखेळ्ळीपासून हुमनाबादपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर फिरलाय. खाली लोकांनी काय काय लिहिलंय, वाचवत न्हाई. म्हातारं येडं झालंय म्हणं, घरच्यांना अक्कल न्हाई म्हणं. तूबी तेच म्हणालास. तुझी लेक त्या गाडीत बसलेली होती, तुझा राग मला कळतोय. माझं लेकरू असतं तर मी घर डोक्यावर घेतले असते. पण मल्लू, तो व्हिडिओ दार उघडल्यानंतर सुरू होतो.

तुझी दीपमाला दसऱ्याच्या सुट्टीला आली तीच हट्ट घेऊन. चिंचोळीच्या जंगलात आपली आपण गाडी नेऊन जनावरं बघता येतात, मैत्रिणींनी बघितलंय, मला बी ने आत्या. अप्पा ओसरीवरून ऐकत होते. म्हणाले, मी बी येतो, पंधरा वर्षं झाली तिकडं पाय लागला न्हाई. जंगल बंद व्हायच्या आधी ते मेंढरं घेऊन चार-चार महिने तिकडंच तर असायचे. सकाळी सातला फाटकावर पोचलो. तिथल्या गार्डनं चिठ्ठी दिली आन बजावून सांगितलं, काचा वर, हॉर्न वाजवायचा न्हाई, काय बी झालं तरी खाली उतरायचं न्हाई. पुढच्या वळणावर आठ दिवसांपूर्वी बिबट्यानं वासरू ओढलंय, हे बी सांगितलं.  परत फिरावं वाटलं, पण मागं गाड्या आन दीपमाला टाळ्या पिटायलेली.

रस्ता मात्र काय सांगू! धरणाचं पाणी डाव्या अंगाला, उजवीकडं गवत सोन्यासारखं. मला आन दीपमालाला नुसतं गवतच दिसत होतं. अप्पा हळूच बोट दाखवायचे. त्या पळसाखाली बघ, चितळ. ते वारूळ न्हाई गं, साळिंदर हाय. रस्त्याच्या धुळीतला माग बघून म्हणाले, नीलगाय, मादी, पिल्लू संगट, आत्ताच गेलीया. पन्नास पावलं पुढं गेलो तर खरंच, मायलेकरं उभी. दीपमालानं आज्जाच्या गळ्यात मागून हातच टाकले.

अप्पा विसरत न्हाईत असं मी म्हणत न्हाई. गॅस चालू ठेवून उठतात. मला मायच्या नावानं हाक मारतात. दोनदा बाजारातून घरी येताना रस्ता चुकले, शरणप्पा वाण्यानं आणून सोडलं. हे सगळं मीच तुला कळवलं होतं, लपवून ठेवलं न्हाई. पण त्या दिवशी त्या गाडीत आमच्या तिघांत शहाणं कोण होतं ते मला ठाऊक हाय.

तुला निलम्मा आठवणार न्हाई, तू पाळण्यात होतास. काकाची पोर, माझ्याच वयाची, आम्ही एका ताटात जेवायचो. आपल्यात रीत हाय, लांडगा आडवा गेला तर बसून राहायचं न्हाई. बैलगाडीत असो का घोड्यावर असो, खाली उतरायचं, उघडा पाय मातीला लावायचा, डोकं उघडं करायचं, "तुझा हिस्सा तुला हाय" म्हणायचं आन सात पावलं त्याच्या मागं चालायचं. मेंढरं आधी त्याची, मग आपली, असं बिरोबानं वाटून दिलंय म्हणतात. तर एकदा काका बैलगाडीतून यायलेले, लांडगा आडवा गेला, आन काका उतरले न्हाईत. उलटं हसले म्हणं. मी आन निलम्मा मागं कडब्यावर बसलेल्या. नवव्या दिवशी निलम्मा तापानं गेली. मी तिच्या उशाला होते. आज मला माहीत हाय तो ताप कशाचा होता. डासांचा धडा मी दरसाल शिकवते, फळ्यावर चित्र काढून. पण तेव्हा बायका रडता रडता काय म्हणत होत्या, ते माझ्या हाडात जाऊन बसलंय. पोरगी बापाच्या मस्तीपायी गेली, असं.

बिबट्याचं वळण आलं आन तिथंच लांडगे निघाले. आधी एक, मग मागून दोन. वाळलेल्या गवताच्याच रंगाचे. रस्त्याच्या मधोमध येऊन पहिला थांबला आन सरळ आमच्याकडं बघायला लागला. मी ब्रेक दाबला, गाडी बंद पडली. अप्पा पुटपुटले, "तोळ." आपल्या कन्नडमधून लांडगाच म्हणाले, पहिल्यासारखं. आन त्यांचा हात दाराकडं गेला. दीपमाला मागच्या सीटवर उभी राहून म्हणायली, आत्या, कुत्रं बघ किती मोठं!  मागं वळून बघितले तर तुझी पोर मला दिसेचना रे. कडब्यावर बसलेली निलम्माच दिसायली.

मग दार उघडलं आन अप्पा खाली उतरले. चप्पल गाडीतच काढली. पटका काढून छातीशी धरला, काय म्हणायचं ते म्हणाले. लांडगे वळले आन गवतात शिरले. अप्पा त्यांच्या मागं सात पावलं गेले. मी मोजत होते. सातव्या पावलाला अप्पा गवतात दिसेनासे झाले. तुझ्या व्हिडिओत इथंच ती पोरं हसताना ऐकू येतात. माझ्यासाठी तिथून पुढं जे झालं ते कुणाच्या वैऱ्यावर न येवो. उतरून धावावं तर पोर एकटी. हॉर्न वाजवावा तर जनावर बिथरेल.  दीपमाला रडायली, आज्जाला खाल्लं का म्हणून विचारायली. एका जागी गवत हललं, आन ते वाऱ्यानं होतं का कशानं, कुणाला ठाऊक. मी मैलार मल्लण्णाला काय काय नवस बोलले ते आता आठवत बी न्हाई. पाच-सहा मिनिटं झाली असतील. मग अप्पा आमच्या मागच्या बाजूनं आले, सावकाश, पटका बांधत. गाडीत बसले, दीपमालाचे डोळे पुसले आन मला म्हणाले, चल आता, काय भ्या न्हाई. गाडी चालू करायला मी चार वेळा किल्ली फिरवली.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. अप्पाला ते दार उघडता येत न्हाई, मल्लू. माझी गाडी जुनी, खिडकीच्या कडेला खिट्टी हाय, ती वर ओढल्याशिवाय दार निघत न्हाई. अप्पा नुसतं हँडल ओढत होते, दोनदा ओढलं, मग माझ्याकडं बघितलं. दोन पदव्या घेतलेल्या तुझ्या अक्कानं हात लांबवून ती खिट्टी वर केली. बिबट्याच्या वळणावर, तुझी लेक मागं बसलेली असताना. अप्पा न उतरता राहिले तर तिला काय तरी होईल, ह्या भ्यानं केली. संध्याकाळी तू फोनवर किंचाळून विचारलास, दार कुणी उघडलं? फोन स्पीकर लावून बाजेवर होता, मी तिथंच उभी होते आन त्याला हात लावला न्हाई. अप्पानं फोन उचलला आन म्हणाले, "मीच उघडलो. पोरीला बोलू नगंस." त्यावरूनच तू ठरवलास ना, त्यांचं डोकं गेलंय म्हणून? मी अकरा दिवस गप बसले, तुझ्या भ्यानं. काल धीर करून त्यांना विचारले, अप्पा, खोटं कामून बोललात? शेंगा फोडता फोडता म्हणाले, मल्लूचा राग मला ठाऊक हाय, तो तुझ्या घरचा उंबरा सोडंल, मग मी मेल्यावर तुला माहेर कुठलं? गॅस विसरणारा माणूस हे विसरला न्हाई रे. रविवारी ये. अप्पाला न्यायला नको, मला काय बोलायचं ते बोलायला ये. मी दारातच उभी राहते.

तुझीच, भ्यालेली,
जगदेवी अक्का