दुर्मिळ पाय

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (डावा पाय वगळून, तो डॉक्टरांच्या हुकमाने उशीवर आहे). तुझी तब्येत ठणठणीत असेलच. तू आजवर दुसरं काही कळवलेलंच नाहीस.

तर कळवायला अभिमान वाटतो, की आपल्या घराण्याचं नाव काढणारा अखेर मीच निघालो. घोट्याजवळच्या ज्या जखमांना मी ‘जोडा चावला’ म्हणत होतो (जन्म चपलांच्या दुकानात गेलेला माणूस दुसरं काय म्हणणार?), त्या एका दुर्मिळ आजाराच्या निघाल्या! पायातल्या बारीक रक्तवाहिन्या आतून तुंबतात, वरची कातडी उपाशी मरते आणि पांघरूण नुसतं टेकलं तरी ब्रह्मांड आठवतं. हे कळण्याआधी शेजारच्या काकूंचं मलम, दुकानाच्या मालकांचं मलम आणि मालकांच्या कुत्र्याचं मलम, सगळी लावून झाली. त्यातल्या त्यात कुत्र्याचं बरं होतं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र कातडीचा तुकडा तपासायला पाठवला आणि निकाल आल्यावर शिकाऊ डॉक्टरांचा घोळकाच माझ्या पायाशी आणून उभा केला. ‘असा रुग्ण पुन्हा बघायला मिळायचा नाही,’ असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. फोटो काढणार म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून गेलो. फोटो गुडघ्याखालचाच काढला. असो. आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, बायकोच्या हातची मलमपट्टी (पट्टी सोडताना मी ओरडतो आणि ती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडते) आणि पाय सदैव वर. दुकानातसुद्धा मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर पाय ठेवून बसतो. परवा एका आजोबांनी मलाच गिऱ्हाईक समजून चपला दाखवल्या. एक जोड मी घेतलाही.

पण जखमा भरत आल्यात, ताई. रात्री झोप लागते.

तुझा धाकटा

ता. क. भावोजींना नमस्कार. पाय बघायला त्यांनी अवश्य यावं.

ता. क. आणखी एक. घरात असं आणखी कुणाला आहे का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी बेधडक ‘नाही’ म्हणालो, आणि घरी येताना आठवलं. गेल्या खेपेला तू भर उन्हाळ्यात मोजे घालून दुकानात आलीस आणि मला जोडा चढवू दिला नाहीस. घोट्यापाशी मोजा फुगला होता. मी जन्मभर लोकांचे पायच बघतोय गं. तेव्हा वाटलं, तुलाही जोडा चावला असेल.

बाईंची शुक्रवारची वेळ तुझ्या नावानं घेतली आहे. ये. दुर्मिळपणातला अर्धा वाटा तुझा. तू ओरडणार नाहीस हे मला माहीत आहे. तुझ्या वतीनं ओरडायला बायको आहेच.