नापास कॅरॅव्हॅन

वादी कबीर, मस्कत

तीर्थस्वरूप दाजी,

तानाजीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच वाकलो). तुमचा गुडघा आणि ताईची साखर आटोक्यात असेल, हर्णैला सगळे खुशाल असतील. इकडे मी जिवंत आहे, एवढंच.

पुढच्या मार्चला कंपनी मला रिटायर करतेय. मंगला म्हणाली, "बावीस वर्षांत ओमान काय पाहिलं आपण? हा फ्लॅट आणि अल मवालेहचा भाजीबाजार! जाण्याआधी चार दिवस समुद्राकाठी राहू." हॉटेल नको, कॅरॅव्हॅन हवी (म्हणजे आपल्या जीपमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर). आता मी दारं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर, जन्मभर लोकांची दारं नापास केलेली. मला कोण फसवणार, या तोऱ्यात मंगलाला घेऊन यूनुसभाईंच्या यार्डात गेलो. ते रत्नागिरीकडचे, वापरलेल्या कॅरॅव्हॅन विकतात.

एका कॅरॅव्हॅनच्या आत शिरताच कुबट वास. म्हणजे पाणी मुरलेलं. भिंत ठोकली तर कोपऱ्यात पोकळ आवाज. अंगठा दाबला तर प्लायवूड खरवसासारखं दबलं. चासी (खालचा लोखंडी सांगाडा) बघायला खाली सरपटलो, तर वेल्डिंगच्या जागी रंगाऱ्याची लांबी भरून वर रंग फासलेला. तिथेच कंबर धरली आणि यार्डातल्या दोघांनी पाय ओढून मला बाहेर काढलं. तरी हट्टाने छपरावर पाइप सोडायला लावला. वर एक धार, आत तीन. यूनुसभाई भला माणूस, स्वतःच म्हणाले, "तानाजीराव, ही मी मेव्हण्यालाही देणार नाही. थांबा, पुढच्या महिन्यात बरी येईल, इन्शाल्ला." "बघ, मी सांगत होतो," असं मंगलाला सुनावायला आत पाऊल टाकलं आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत तळाच्या फळीतून खाली गेला.

मंगला खिडकीपाशी बसली होती. डोक्यावर पाणी ठिबकत होतं, तिला पत्ता नाही. माझ्या पायाकडेही न बघता म्हणाली, "अहो, इथे उशी ठेवली की पडल्या पडल्या समुद्र दिसेल." (समोर जुन्या टायरांचा ढीग होता.) आमची पूर्वा झाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर होता, तसा आनंद मी त्यानंतर थेट त्या दिवशी पाहिला. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. मी ठाम नाही म्हटलं. विषय खलास. आता घरात जीव रमत नाही.

आपला हताश,
तानाजी

ता. क. : 'नाही' मनात म्हटलं होतं. तोंडातून 'घेतो' आलं. कॅरॅव्हॅन बिल्डिंगखाली उभी आहे. तळाच्या भोकावर पोळपाट ठेवून मंगला दुपारी तिथे झोपते, आणि गाढ झोपते हो.

ता. क. २ : दाजी, होड्या बांधताना त्यांत पाणी शिरू नये यासाठी तुम्ही आयुष्य घालवलंत. व्हिसा, तिकीट पाठवतो. ताईला घेऊन महिनाभर या. रंधा-पटाशी सामानात टाका, विमानात हातात घेऊ नका. मंगलाला मात्र मी सांगितलंय की दुरुस्ती मी स्वतः करणार. तेव्हा तुम्ही आपले सहज फिरायला आलात, आणि रंधा चुकून सोबत आला.