चौदावी ओळ

१० नोव्हेंबर

पोचले एकदाची पांढरओहळला! सोनपेठहून एस.टी.ने अकरा किलोमीटर, मांडीवर माझी पेटी आणि पायाशी शेजारच्या आजीबाईंची सीताफळांची पाटी. उतरताना त्यांनी दोन फळं हातात कोंबली आणि विचारलं, नवीन सिस्टर का? मी ऐटीत हो म्हटलं.

आरोग्य केंद्र लहान पण नीटनेटकं आहे. दारात कडुलिंबाचं झाड, आत बाळंतपणाची एकच खोली आणि एकच टेबल. डॉ. शिवप्रकाश तरुण आहेत, बोलायला मऊ. मदतनीस कडूबाई बावीस वर्षं इथेच आहे. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने हिचं नाव कडू ठेवलं, मरणाने तोंडात घातलं तरी थुंकून टाकावं म्हणून. हे तिनेच हसत हसत सांगितलं. मला ती लगेच आवडली.

माझं काम असं: सुरक्षित प्रसूतीची एक यादी वरून आली आहे, एकोणतीस ओळींची. प्रत्येक बाळंतपणात ओळीओळीने जायचं, काम झालं की टिक करायची. ही यादी इथल्या परिस्थितीला बसेल अशी करून द्यायची आहे. सेलूला आईला फोन केला आणि सांगितलं की तुझी अर्पिता आता नुसते कागद भरणारी नाही, कागद करणारी झाली. ती म्हणाली, जेवलीस का.

१३ नोव्हेंबर

जुने कागद काढले आणि डोकं फिरलं. प्रत्येक कागदावर एकोणतीसच्या एकोणतीस टिका, एकाच पेनाने, एकाच दमात मारलेल्या. नळाला वाहतं पाणी आहे? टिक. नळ उन्हाळ्यापासून कोरडा आहे, कडूबाई हापशावरून बादल्या आणते. बाईचा रक्तदाब मोजला? टिक. बीपीचं मशीन खिळ्याला टांगलेलं आहे आणि त्याचा फुगा फाटलेला आहे. डॉक्टर म्हणाले, पाच पत्रं पाठवली, फाइल बघा. बघितली. खरंच पाच आहेत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

मी ठरवलं आहे, माझ्या यादीत खोटं चालणार नाही. नळाच्या ओळीत ‘बादलीभर स्वच्छ पाणी’ असं लिहिलं. रक्तदाबाची ओळ खोडली. नाही तर नाही म्हणावं, त्यात लाज कसली.

१८ नोव्हेंबर

गंमतच झाली. खिळा रिकामा आहे. कडूबाईला विचारलं, मशीन दुरुस्तीला गेलं का? ती म्हणे, “कसलं मशीन, सिस्टर? त्यो खिळा तर पयल्यापासून कॅलेंडरचा हाय.” डॉक्टरांनाही आठवेना. फाइलमध्ये एकही पत्र नाही. कुणीतरी मशीन भंगारात विकलं आणि आता सगळे साळसूद बनलेत, असं मला वाटतं. माझ्यापुढे नाटकं चालणार नाहीत.

आज ‘सोबतीला घरची बाई आत आहे का’ ही ओळही काढली. सध्या बायका कापूस वेचायला असतात, आत जास्तीचं माणूस उभं राहायला जागा नाही, आणि ती ओळ कायम कोरी राहते.

२४ नोव्हेंबर

एका ओळीवरून डॉक्टरांशी तासभर वाद झाला. ती इथे पूर्ण लिहून ठेवते:

१४. बाळंतपणानंतर पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी चादर उचलून रक्त किती जातंय ते पाहिलं का?

डॉक्टरांचं म्हणणं, तेव्हा कडूबाई टेबल पुसत असते, सिस्टर बाळाची माहिती ऑनलाइन भरत असते, बघायचं कुणी? शिवाय इथल्या बायका लाजतात, चादर घट्ट धरून ठेवतात. रक्त थांबवायच्या इंजेक्शनची ओळ आहेच, मग जे होत नाही ते विचारायचं कशाला? मला पटत नव्हतं. पण खोटी टिक मारण्यापेक्षा ओळच नसलेली बरी, असं मीच शेवटी म्हणाले. माझंच वाक्य मला ऐकवून त्यांनी माझ्याकडून ती खोडून घेतली.

आता सव्वीस ओळी राहिल्या. सगळ्या खऱ्या भरतात.

कडूबाईची लेक भक्ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. एकुलती एक लेक. कडूबाईने माझे दोन्ही हात धरून सांगितलं, “माही लेक तुमच्याच हातानं मोकळी व्हायची.” मी शब्द दिला.

२९ नोव्हेंबर

तालुक्याचे साहेब येऊन गेले. शंभर टक्के भरलेली यादी बघून खूश झाले, हीच सगळीकडे लावू म्हणाले. मला मात्र दिवसभर करमलं नाही. सकाळी एक पोरगी आत कळा देत होती आणि तिची आई दाराशी आली. उंबऱ्यावर एक पाय उचलला आणि तशीच थांबली. मग वळून लिंबाखाली जाऊन बसली. तिथे आधीच तीन बायका बसलेल्या होत्या. मी बाहेर जाऊन म्हटलं, आत या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विहिरीत उडी मारायला सांगत होते.

४ डिसेंबर

आज बाळंतपणाला आलेली प्रियांका गेली. वय बावीस. मुलगा झाला, रडला, इंजेक्शन दिलं, सव्वीस टिका झाल्या. त्यानंतर आम्ही तिघं तिथेच उभे होतो. मी, डॉक्टर, कडूबाई. मला आतून कळत होतं की काहीतरी करायचं राहिलंय. हात पुढे केले, पण ते कुठे न्यायचे तेच कळेना. टेबलावरून थेंब खाली पडायला लागले तेव्हा कुठे आम्ही जागे झालो. अँब्युलन्स वाटेतच परत फिरली.

मी सात वर्षं नर्स आहे. सात वर्षं!

५ डिसेंबर

चौकशी झाली. अर्ध्या तासात आटोपली. यादी पूर्ण भरलेली होती, कुणाचीच चूक नाही. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तो मी ऐकला आणि मला त्यांची किळस आली. माझी त्याहून जास्त.

संध्याकाळी ही वही चाळताना २४ तारखेचं पान लागलं. चौदावी ओळ. वाचली, आणि पुन्हा वाचली. ही ओळ माझ्या डोक्यातून साफ गेली होती, धुतल्यासारखी. जे जे मी खोडलं ते ते इथून गेलं. मशीन गेलं, सोबत गेली, आणि हे—

सगळ्या कोऱ्या कागदांवर ती हाताने लिहिली. भिंतीवर लाल रंगाने वीतभर अक्षरांत लिहिली.

९ डिसेंबर

साहेब येणार म्हणून कडूबाईने भिंतीला चुना मारला. काय होतं तिथे, विचारलं तर म्हणते, काहीतरी लाल होतं. माझे कागद साहेबांनी परत केले. मंजूर नमुन्यात एप्रिलपर्यंत बदल नाही.

रोज जेवणाआधी २४ तारखेचं पान वाचते, मोठ्याने. कडूबाईलाही ऐकवते. ती मान डोलावते आणि विचारते, चहा ठेवू का.

१३ डिसेंबर

भक्तीचे पाय सुजलेत. तोंडही. अशा सुजेत काहीतरी मोजायचं असतं. दंडाला काहीतरी बांधून. काय ते?

कडूबाईला म्हटलं, हिला परभणीला ने, माझ्याच्याने होणार नाही. ती रडायला लागली. काय चुकलं माहं, म्हणाली, तुमी तर सबूद दिला होता. का नेऊ, ते सांगा. मला सांगता आलं नाही. डॉक्टर हसले, म्हणाले, अहो, शंभर टक्के आहे आपलं.

१७ डिसेंबर

आज पान वाचलं. शब्द सगळे होते. चादर. उचलून. पण त्याचं करायचं काय, ते कळेना. दहा वेळा वाचलं. घरात आपलंच माणूस बसलंय आणि त्याचं नाव आठवू नये, तसं झालं.

देवा, भक्तीला माझी सुट्टी असताना कळा येऊ देत. कुणाच्याही हातात जाऊ दे, माझ्या नको.

१९ डिसेंबर

आज येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. गाव सगळं शेतात, भज्जी-आंबिलाच्या जेवणाला. डॉक्टरही गेले. अकराला कडूबाई भक्तीला घेऊन आली. दारापर्यंत. तिथे थांबली. मी ओढलं, हात जोडले. बावीस वर्षं ज्या खोलीत वावरली, त्या खोलीच्या उंबऱ्यावरून वळली. आज ती मदतनीस नव्हती ना, आई होती. लिंबाखाली बसली आहे.

१.२० — मुलगी. रडली. इंजेक्शन दिलं, टिक. बाळ छातीशी दिलं, टिक. सव्वीस झाल्या.

१.३५ — काहीतरी राहिलंय. २४ तारखेचं पान उघडलं आहे. ‘इथे पूर्ण लिहून ठेवते’, आणि खाली कोरी जागा. एवढी जागा मी कशाला सोडली असेल?

१.४५ — भक्ती गप्प झाली. थंडी वाजतेय म्हणाली. चादर गळ्यापर्यंत ओढून दिली. चारी बाजूंनी नीट खोचली.

१.५० — ओठ पांढरे. दमली असेल. अँब्युलन्सला फोन लावला. काय झालंय, विचारतात. काय झालंय? काही झालं नाही, सगळ्या टिका—

१.५५ — चपलेखाली ओलं लागतंय. नळ तर कधीचा कोरडा आहे.

कडूबाई बाहेरून विचारतेय, लेक कशी हाय माही. मी ओरडून सांगितलं, सगळं बरोबर आहे, यादी भरली. फक्त या चादरीला खालून हे काय—