जायफळाची वाडी, ग्रेनाडा

ॲडम्सटाउन,
आयर्लंड, २२ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

व्हॉट्सॲपवर तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून ईमेलवरचं आपलं पत्रच बरं. पण तुझी पत्रं हल्ली आशिषही वाचतो आणि तिथंच घोटाळा झालाय. ग्राँ आन्सचा पांढरा किनारा, धबधबे, समुद्राच्या तळाशी मांडलेले पुतळे, हे सगळं मी वाचते आणि भांडी आवरायला जाते. गेल्या खेपेला तू जायफळाच्या बागांवर दोन पानं लिहिलीस, त्या देशाच्या झेंड्यावरसुद्धा जायफळ आहे म्हणालास, आणि आमचा माणूस बिथरला. त्याला आता ग्रेनाडात वाडी घ्यायची आहे.

हसू नकोस. दिवेआगरचा माणूस आणि जायफळ यांच्या मध्ये कुणी पडू नये. माड तेच, नीरफणस तोच, पाऊस तसाच, म्हणजे ते कोकणच, असं त्याचं गणित. संध्याकाळी गाडीतून उतरला की घरी न येता स्टेशनभोवती फेऱ्या मारतो. जेवताना मध्येच उठून खिडकीशी जातो. बाबाला काय झालंय असं स्वानंदीनं तिच्या आयरिश इंग्रजीत विचारलं, तर म्हणाला, ग्रँड! म्हणजे इथल्या बोलीत, सगळं ठीक. पुढच्या महिन्यात राजीनामा देणार म्हणतो.

दादा, मला जायचं नाही. ब्युमॉन्ट हॉस्पिटलात कन्सल्टंटच्या पदासाठी नोव्हेंबरात माझी मुलाखत आहे, स्वानंदीच्या शाळेची शेवटची दोन वर्षं आहेत. तो गेला तर एकटा जाईल आणि हे घर मोडेल. तिथलं जे जे वाईट असेल ते लिही, चांगलं तिखटमीठ लावून लिही.

लोभ आहे, तो उतू गेला तरी चालेल, कमी करू नकोस.

तुझी,
नीलिमा

सेंट जॉर्जेस, ग्रेनाडा,
२९ सप्टेंबर २०२४

चि. नीलिमास,
अ. उ. आ.

माझं ऐकून कॉलेजातली मुलं झोपतात आणि माझं वाचून तुझा नवरा नोकरी सोडतो, हे नवलच! तिखटमीठ लावायची गरज नाही, खरं आहे तेच पुरे.

हे बेट पाहुण्यांवर जगतं. थंडीच्या दिवसांत क्रूझची मोठी जहाजं येतात. सकाळी माणसं उतरतात, मसाल्याच्या पुड्या घेतात, धबधब्याखाली फोटो काढतात आणि संध्याकाळी जेवायला पुन्हा जहाजावर. उन्हाळा लागला की टॅक्सीवाले सावलीत डॉमिनो खेळत बसतात. दुसरा आधार आमच्या मेडिकल कॉलेजचा. परदेशी मुलं आली की खोल्या भरतात, सुट्टी लागली की सगळा दक्षिण किनारा ओस. कांदा, तांदूळ, कोंबडी, सगळं बोटीनं येतं. मोठं ऑपरेशन असलं तर पेशंट विमानात घालून दुसऱ्या बेटावर न्यायचा.

आणि जायफळ! वीस वर्षांपूर्वीच्या वादळानं बहुतेक बागा झोपवल्या, त्या पुरत्या उठल्याच नाहीत. बी लावलं तर झाड नर की मादी हे कळायलाच सहा-सात वर्षं जातात. यंदा जुलैतल्या वादळात उत्तरेकडच्या माझ्या जमिनीच्या तुकड्यातली जायफळाची झाडंही आडवी झाली. दोर लावून त्यातलं एक उभं करायला गेलो, एकट्यानं जमलं नाही. सगळी अजून तशीच पडून आहेत.

आता माझं. तुम्ही सगळे आलात तर मला हवंच आहे. तुझी कौमुदीवहिनी गेल्यापासून घरात मराठी बोलायला कुणी उरलेलं नाही. गॅसवर कुकर ठेवतो आणि त्याच्याशीच बोलतो. म्हणून माझा सल्ला जरा जपूनच घे.

आशिषरावांना नमस्कार, स्वानंदीला पापा. रागावलीस तरी पत्र पाठवच.

तुझा,
दादा

ॲडम्सटाउन,
६ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

औषध उलटलं. जहाजं, टॅक्सीवाले, बोटीचा कांदा हे सगळं त्यानं बातम्या वाचावं तसं वाचलं. पडलेल्या झाडापाशी आला आणि थांबला. मग फोन टेबलावर ठेवून पावसात बाहेर पडला, जॅकेटसुद्धा न घालता. भिजून आला आणि तसाच खिडकीशी जाऊन उभा राहिला.

काल आमचं भांडण झालं, आवाज चढवून. स्वानंदी दार लावून बसली. मी म्हटलं, खुशाल जा, मी येणार नाही. तो नुसतं बरं म्हणाला. मला फार लागलं रे. माझा स्वयंपाकघरातला प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, तोही मी आवरायला काढलाय, हाताला काही काम नसलं की रडू येतं म्हणून.

सोमवारी, चौदा तारखेला, तो राजीनामा देणार आहे. तुझ्या शब्दाबाहेर तो जात नाही. त्याला सरळ लिही, येऊ नका म्हणून.

माया असू दे, आणि या वेळी उशीर नको.

तुझी,
नीलिमा

सेंट जॉर्जेस,
९ ऑक्टोबर २०२४

प्रिय आशिषराव,
स. न. वि. वि.

येऊ नका असं मी तुम्हाला लिहावं, ही नीलिमाची इच्छा. ते मी लिहिणार नाही, कारण माझ्या मनात तसं नाही. पण जमीनही मी शोधून देणार नाही. माझ्या बहिणीचा संसार मोडून मला शेजार नको.

एकच विचारतो. बेटाचं सगळं रडगाणं वाचून तुम्ही जागचे हलला नाहीत आणि एक झाड पडल्याचं वाचून पावसात निघालात. तुम्हाला नक्की काय हवंय? सोमवारच्या आत कळवा. मला कळवायचं नसेल तर नीलिमाला तरी सांगा.

आपला,
दिलीप

ॲडम्सटाउन,
१३ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. दादांस,
सा. न. वि. वि.

नीलिमाला आज सगळं सांगितलं. तुम्हालाही सांगतो.

निसर्ग वादळ आलं तेव्हा मी इथंच होतो, कोविडमुळे विमानं बंद होती. दिवेआगरची आमची वाडी एका दुपारीत गेली. पोफळी मोडल्या त्या मोडल्या, पण जायफळाची झाडं मुळांसकट कलली होती. आठवड्याच्या आत उभी केली तर ती जगतात. बाबांनी व्हिडिओ कॉलवर मला ती दाखवली आणि म्हणाले, तू असतास तर उभी केली असती रे, दोघं लागतात. मी इथं किचनमध्ये फोन धरून उभा होतो. त्यांनी वाडी विकून टाकली आणि वर्षभरात तेही गेले. बाबांच्या त्या वाक्याबद्दल मी चार वर्षं कुणाशी बोललो नाही. नीलिमाशीसुद्धा नाही.

तुमच्या पत्रात तुम्ही एकटे दोर ओढत होतात. मला बाबाच दिसले. मला वाटलं होतं, मला वाडी हवी आहे. नाही हो दादा. मला त्या दिवशी तिथं असायचं होतं.

राजीनामा देत नाही. नीलिमाची मुलाखत झाली की रजा घेऊन येतोय. तिकीट काढलंय, परतीचंही. ते बघून नीलिमा आधी रडली, मग माझ्यावर चिडली, आणि आता तुमच्यासाठी भाजणी कुठून मिळवायची म्हणून सगळ्या ओळखीच्यांना फोन करत सुटली आहे.

तुमची झाडं आता उभी राहायची नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण पडलेली तोडून बाजूला करायलासुद्धा दोघं लागतात. मी येईपर्यंत एकट्यानं हात लावू नका.

तुमचा,
आशिष