भाडं आठलाच

३० नोव्हेंबर
उद्यापासून एक तारखेला भाडं देणं बंद. कायमचं. खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई म्हणजे निवृत्त मेट्रन. एक तारीख म्हणजे त्यांना इंजेक्शनची वेळ वाटते. करारात फक्त 'दरमहा' आहे. आणि आम्हाला चावी मिळाली आठला, कारण रंग वाळला नव्हता. मी ऑफिसात आवक-जावक बघतो. लिहिणाऱ्याने पत्रावर कुठलीही तारीख टाकू दे, खरी तारीख माझ्या शिक्क्याची. तोच नियम चावीला. माझा महिना आठला सुरू होतो. पगार सातला होतो, हा निव्वळ योगायोग.

१ डिसेंबर
सकाळीच मालकीणकाकूंना लेखी पत्र दिलं. जावक क्रमांक १. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, झोप नीट लागते ना. मुद्दा टाळायची जुनी पद्धत.

बायको म्हणाली, पुन्हा घर शोधायची पाळी आणू नका, या खिडकीच्या उजेडावर माझं शिलाईचं काम चालतं. तिला धीर दिला. तत्त्वाच्या गोष्टी तिच्या पचनी पडत नाहीत.

संध्याकाळी ती काकूंच्या पडद्यांचं माप घ्यायला खाली गेली. जाऊ दे. शत्रूच्या गोटातल्या बातम्या कळतील.

३ डिसेंबर
काकू जिन्यात भेटल्या. भाड्याबद्दल चकार शब्द नाही. हादरल्या आहेत.

८ डिसेंबर
ऐतिहासिक दिवस. लिफाफ्यावर तारखेचा शिक्का मारून नेला. (शिक्का ऑफिसातला, पण भंगारात निघालेला. चोरी नव्हे.) काकूंनी निमूटपणे घेतला. पोच मागितली तर म्हणाल्या, पोचला. तोंडी पोच ग्राह्य धरली.

१० डिसेंबर
बटण तुटलं म्हणून सुई शोधत होतो. मशीनच्या खणात माझाच शिक्क्याचा लिफाफा, नोटांसकट. बायको म्हणाली, काकूंनी शिलाईची उचल दिली. बरोबर भाड्याएवढीच कशी, असं क्षणभर वाटलं. पण वयस्कर माणसांना तोच आकडा तोंडपाठ असतो. लिफाफाही तोच वापरला. काटकसरी बाई.

१ जानेवारी
संकल्प : विजय डोक्यात जाऊ द्यायचा नाही. ऑफिसात तिघांना माझी पद्धत समजावली. शिपाई म्हणाला, मी असं केलं तर मालक सामान रस्त्यावर टाकेल. असल्या गोष्टींना व्यक्तिमत्त्व लागतं. तसं त्याला बोललोही.

बायको पुन्हा पडद्यांचं माप घ्यायला खाली. त्या घराला खिडक्या आहेत तरी किती.

८ फेब्रुवारी
तिसरा लिफाफा. आता दार उघडताच काकू हात पुढे करतात. शिस्त लागली. हळूहळू पंधरा तारखेपर्यंत न्यायला हरकत नाही.

२७ फेब्रुवारी
उद्या करार संपतो. नव्या करारात 'आठ तारीख' असेल तरच सही, नाहीतर घर सोडतो, असं ठणकावून सांगणार. भाषण लिहून काढलं. बायकोला वाचून दाखवलं. तिने मशीनवरून मान वर केली नाही.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
काकूंकडे करार तयारच होता. भाडेकरू : बायको. तारीख : एक. मी 'सोबत राहणाऱ्या व्यक्ती' या मथळ्याखाली. एकटाच.

म्हटलं, चूक झाली आहे. काकू म्हणाल्या, तीन महिने एक तारखेला जिने भाडं आणून दिलं तीच भाडेकरू. तुमचे लिफाफे मी त्याच दिवशी वर पाठवत होते. माझ्याबरोबर आलेली बायको पडद्याकडे बघत होती. पडदे जुनेच आहेत, हे मला तेव्हा दिसलं.

भाषण खिशातच राहिलं. साक्षीदाराच्या रकान्यात सही केली.

रात्री ९
जेवताना बायकोने सांगितलं, यापुढे लिफाफा सरळ तिच्याकडे. विचारलं, कितीला? म्हणाली, एकला. मग पहिल्यांदाच खरं कारण बोललो, की पगार सातला होतो. ती म्हणाली, तसा अर्ज करा, बघते.

अर्ज लिहून ठेवला आहे. तारखेची जागा कोरी सोडली.