गाडी लांब फिरवून आणण्यास झालेल्या विलंबाबाबत

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
वाहन धूर तपासणी केंद्र क्र. ७,
सान इसिद्रो एल ओकोते, त्लाक्सकाला.

विषय : मुदत संपल्यानंतर चौथ्यांदा तपासणीची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या केंद्राच्या नकार-पावत्या, दि. ६, १४ व २२ मे २०१९.

महोदय,

१. मी निवृत्त शिक्षिका, वय ६९, आपणांस सविनय कळविते की, माझे दिवंगत पती फिदेन्सियो यांची २००९ सालची राखाडी मोटार मीच चालविते. एप्रिलमध्ये ती चढावर धक्के खात मिसिंग मारू लागली व इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. मी कोड वाचण्याचे छोटे यंत्र विकत घेतले. त्याने ‘पी ०३०१’ दाखविला, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नव्हती. पहिल्या व तिसऱ्या सिलिंडरच्या, ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची मी अदलाबदल केली. लगेच कोड ‘पी ०३०३’, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा झाला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. ती बदलून कोड पुसला. दिवा विझला. हे सांगायला घरात कोणी नव्हते, म्हणून येथे नमूद करीत आहे.

२. तरीही दि. ६ रोजी गाडी नाकारण्यात आली. आपले तंत्रज्ञ श्री. नाऊम यांनी समजावले, “बाई, दोष नाहीये. पण कोड पुसला की गाडी स्वतःच्या चाचण्या पहिल्यापासून करते. त्याला लांब फेरी लागते, मोकळ्या रस्त्याने. कुणाकडे तरी जाऊन या ना!”

३. घरी येऊन मी कोणाकडे जाता येईल याची यादी करावयास बसले. नावे झाली नऊ. त्यांपैकी सात आता हयात नाहीत आणि एक उत्तरेकडे मुलाकडे राहावयास गेली. उरलेल्या एकीकडे जाण्याचा संकोच वाटला, म्हणून मी बाजार व चर्च यांभोवतीच रोज अकरा फेऱ्या मारल्या. पाववाल्या बाईने हाक मारली, “काय हो बाई, काही हरवलंय का?” मी ‘नाही’ म्हटले. दि. १४ व २२ रोजीही चाचण्या अपूर्णच निघाल्या.

४. तेव्हा श्री. नाऊम यांनी विचारले, “तुम्ही बॅटरीची तार काढता का हो?” काढते. चोरीच्या भीतीने फिदेन्सियो गाडी आत घेतली की तार सोडवून ठेवीत. ते गेल्यावर मीही तेच करीत आले. “मग गाडी रोज सगळं विसरते, बाई,” ते म्हणाले. त्या दिवसापासून तार जोडलेलीच ठेविली आहे. पहिल्या संध्याकाळी मात्र अंगणात तीन वेळा जाऊन पाहिले.

५. शुक्रवार, दि. ३१ मे, अखेरची तारीख. यादीतील उरलेल्या एकमेव नावाकडे, म्हणजे पूर्वीच्या सहशिक्षिका श्रीमती ओबदुलिया यांच्याकडे वामान्तला येथे, मी न कळविता निघाले. अंतर ६२ कि.मी. दार उघडताच त्या म्हणाल्या, “मेली नाहीस होय गं अजून? ये आत!” सर्व चाचण्या तेथे पोहोचेपर्यंतच पूर्ण झाल्या होत्या, हे मी यंत्रावर पाहिले होते. त्वरित परतले असते तर आपले केंद्र बंद होण्यापूर्वी पोहोचले असते.

६. मी दोनदा उठले. दोन्ही वेळा त्यांनी ताटात आणखी मोलेचा मसालेदार रस्सा वाढला व दुसऱ्यांदा गाडीची किल्लीही स्वतःच्या खिशात टाकली. विलंबाचे हेच खरे कारण आहे. रस्ता बंद होता वगैरे लिहिणे मला प्रशस्त वाटले नाही. गेल्या सहा वर्षांत मला कोणी ‘थांब’ म्हटलेले नव्हते, त्यामुळे वेळेचा अंदाज चुकला.

तरी एक दिवस वाढवून मिळावा, ही विनंती. कृपया शुक्रवार देऊ नये. त्या दिवशी आता दर आठवड्यास मला वामान्तलास जावयाचे असते.

आपली विनम्र,
लेओकादिया सोम्पान्त्सी मेना
दि. ३ जून २०१९

सोबत : १) नकार-पावत्या तीन. २) जुनी कॉइल, कागदात गुंडाळून. ३) मला जेवल्यावाचून सोडले नाही, असे श्रीमती ओबदुलिया यांचे स्वहस्ताक्षरातील प्रमाणपत्र.