ढाळ पायाला कळतो

पप्पा, गोल्फ तुम्हाला कधीच आवडला नाही. टीव्हीवर चुकून लागला तर तुम्ही म्हणायचात, "एवढं मोठं मैदान आणि खेळणारे चार. जागेची नुसती वाट लावलीय," आणि चॅनल बदलायचात. तर तुमची मुलगी आता तेच खेळते, आणि वेड लागल्यासारखी खेळते. अंधेरीला ऑफिस सुटलं की सरळ प्रॅक्टिसला. पावसाळ्यात कोर्सवर चिखल, म्हणून मी आपल्या ए विंगच्या पॅसेजमध्ये छत्री धरून स्विंग मारत बसायचे. शेजारच्या काकूंची तुळस त्यात गेली. आई म्हणाली, "बापाने लाद्या फोडल्या, तू कुंड्या फोड." हे सगळं मराठीत लिहितेय, कारण माझं इंग्लिश तुम्हाला कधी कळलं नाही, आणि मला त्या शाळेत घालायचा हट्ट पण तुमचाच. चुका असतील, घ्या सांभाळून.

रविवारी सीझनचा पहिला राऊंड होता. चार महिने बॅग कपाटात होती, उघडली तर ग्लोव्हला हिरवी बुरशी आणि सगळ्याला ओल्या पायपुसण्याचा वास. तरी मी इतकी खूश होते की सकाळी पाचलाच तयार. आम्ही तिघं. ऑफिसमधली मैत्रीण, तिचे मामा मेंबर आहेत म्हणून आम्हाला आत घेतात. मी. आणि बी विंगमधला तुमचा लाडका. आठवतो ना? आठवणारच. लहानपणापासूनचा माझा मित्र, पण गोल्फ त्याला मीच शिकवला. काठी कशी पकडायची तेसुद्धा मी दाखवलं. आयुष्यात तीनदा खेळलाय फक्त. पहिल्या दोन होलला त्याने बॉलपेक्षा माती जास्त उडवली आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

तिसऱ्या होलला आम्ही तिघंही ग्रीनवर पोचलो. ग्रीन म्हणजे होलच्या भोवतीचं एकदम बारीक गवत, तिथे बॉल मारायचा नसतो, हळूच ढकलायचा असतो. जमीन कुठे उतरते ते कळलं नाही तर बॉल भलतीकडेच जातो. मी नेहमीसारखी खाली बसले, एक डोळा मिटून बघितलं, व्हिडिओत बघितलंय तसं. माझा बॉल होलच्या बाजूने गेला तो गेलाच. मग हा आला. याने काय केलं, बूट काढले, मोजे काढले आणि बॉलपासून होलपर्यंत अनवाणी चालत गेला, सावकाश, चवड्यावर.

"काय रे, देवळात आलास का?" मैत्रीण म्हणाली.

"थांब गं. ढाळ पायाला कळतो, डोळ्याला नाही."

पप्पा, ते तुमचं वाक्य होतं. तुमचा आवाजसुद्धा होता त्यात थोडा. त्याने होल सोडून चांगलं दोन हात डावीकडे मारलं, आम्ही हसलो, आणि बॉल वळून वळून आत गेला. तो उड्या मारत माझ्याकडे आला. "काका! काकांनी शिकवलंय यार! आमच्या बाथरूमचं काम होतं ना तेव्हा."

आमच्या बाथरूमचं काम. मी दहा वर्षांची आहे, मे महिना आहे आणि आईने मला थर्मास देऊन बी विंगमध्ये पाठवलंय. तुम्ही त्यांच्या बाथरूममध्ये नवीन लादी बसवताय. चहा घेऊन मी दारात येते तर तुम्ही आणि तो, दोघंही अनवाणी, उकिडवे बसलेले. तुम्ही लादीवर निळी गोटी सोडता, ती घरंगळत बरोबर पाणी जायच्या जाळीवर जाऊन थांबते, आणि तुम्ही दोघं असे हसता जसं काही सिक्सर मारलाय. "आता तू सांग, कुठे जाईल?" तुम्ही त्याला विचारता. तो पायाने चाचपतो. मला पण विचारा म्हणून मी एक पाऊल आत टाकते. "ए! चपला घालून कुठे? काम ओलं आहे. तुझं काय काम इथे? जा, अभ्यासाला बस." मे महिन्यात पप्पा. अभ्यास कसला? काम संपलं तेव्हा ती गोटी तुम्ही त्याला दिलीत. मला त्या पैशातून डिक्शनरी आणलीत, जाडजूड. मला सिमेंटपासून लांब ठेवायचं होतं, कळतं मला. आता कळतं. पण तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते आणि तुमचं काम मी तोपर्यंत एकदाही धड बघितलं नव्हतं.

चौथ्या होलला मी पण बूट काढले. गवत ओलं होतं, गार लागलं. बाकी काहीच कळलं नाही.

"टाच नको टेकू," तो म्हणाला. "चवड्यावर उभी राहा आणि डोळे मीट. काका म्हणायचे..."

"काका काय म्हणायचे ते मला माहितीय. माझे पप्पा होते ते."

माहीत नव्हतं. तो एकदम हळू म्हणाला, "सॉरी गं. ती गोटी आहे अजून माझ्याकडे, कपाटात. हवी का तुला?" मी "नको" म्हणाले. हवी होती. पण त्याने दिलेली नको होती. पाचव्या होलला त्याचा बॉल उंच गवतात गेला. आम्ही तिघांनी शोधला, मैत्रीण एका बाजूने, मी एका बाजूने. नाही मिळाला. "जाऊ दे," तो म्हणाला, "लकी होता यार," आणि त्याने दुसरा बॉल काढला.

घरी आल्यावर मी आपल्या बाथरूममध्ये गेले. ते पण तुम्हीच केलेलं, रविवारी रविवारी, उरलेल्या लाद्यांचं. आई अजून रोज वायपर मारते आणि म्हणते, "जगाच्या मोऱ्यांना ढाळ, आणि आमच्याकडे तळं." तुम्ही म्हणायचात, पुढच्या रविवारी उखडतो. मी अनवाणी उभी राहिले, टाच उचलून, डोळे मिटून. मग खिशातला बॉल काढला, त्याच्यावर स्केचपेनचा निळा ठिपका आहे, आणि जमिनीवर सोडला. तो जाळीकडे गेलाच नाही. बालदीखालच्या कोपऱ्यात जाऊन थांबला, जिथे गेली पंधरा वर्षं पाणी साचतं. मी परत सोडला. परत तिथेच. पप्पा, त्याला तुम्ही बरोबर ढाळ शिकवलात. हा चुकलेला कोपरा त्याला माहीत नाही. हा माझा आहे, आणि मी त्याला तो दाखवणार नाही.

हे पत्र मी डिक्शनरीत ठेवतेय. पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण वाचून तुम्ही पहिलं हेच म्हणाला असता, बॉल कोणाचा आहे? जा, देऊन ये. त्याचाच आहे. गवतात मला दिसला होता आणि मी त्याच्यावर पाय ठेवून उभी राहिले, दोघं लांब जाईपर्यंत. बूट घातलेला होता, तरी पायाला कळत होता.